हृदयरोग तपासणी शिबिराला जाताय? या चुका टाळा

गोल्फ क्लब मैदानाजवळच्या एका शिबिरात मी नोंदणीला बसले होते. डिसेंबरची थंडी. एक काका मैदानाला चार फेऱ्या मारून, टपरीवरचा चहा घेऊन थेट खुर्चीत येऊन बसले. पट्टा स्वेटरवरूनच बांधला गेला आणि काकांचं बोलणं सुरूच. बीपी १५८/९६! चेहराच उतरला त्यांचा. अर्धा तास बसवून ठेवलं, बाही वर करून पुन्हा मोजलं, तर १३४/८२.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा उगाच वाढतो. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायला सांगा. मागे रांग असली तरी सांगा, हा तुमचा हक्कच आहे.

‘खरा आकडा कळू दे’ म्हणून बीपीची रोजची गोळी त्या दिवशी चुकवू नका. रविवारची मिसळ खाऊन आला असाल तर साखर तपासताना तसं सांगा. १२६ ही मधुमेहाची सीमा किमान आठ तास उपाशी असलेल्यांसाठी आहे.

फॉर्म भरताना लपवाछपवी नको. मिशरीसुद्धा तंबाखूच, पण बायका ती सांगतच नाहीत. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आवर्जून लिहा.

ईसीजी नॉर्मल आला की लोक निर्धास्त होतात. पण आराम करताना काढलेल्या ईसीजीत ब्लॉकेज दिसेलच असं नाही. आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय तर शिबिराची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.

शेवटची चूक, मला सगळ्यात जास्त सलणारी : चिठ्ठी फ्रीजवर अडकवून विसरून जाणं. एका मोजमापावर निदान होत नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जायचं. त्या काकांचं बीपी उतरलं खरं, पण कंबर १०२ सेंटीमीटर भरली. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. कोलेस्टेरॉलची तपासणी करायची, असं मी त्यांच्या चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलं आणि काकूंचा नंबरही घेऊन ठेवला.