मिरगाआधी बांधाला काडी लावू नका भाऊ

आखाजी (अक्षय तृतीया) झाली की आपल्याकडे ठरलेलं काम, बांधावरचं वाळलं गवत, बोरीच्या फांद्या, पालापाचोळा सगळं एका जागी ओढायचं आन काडी लावून मोकळं व्हायचं. मी पण केलंय हे, खोटं कशाला बोलू. पण आता पारा 45 च्या वर जातो, पाऊस एक तर दांडी मारतो नाहीतर एका रात्रीत शेत धुऊन नेतो, अशात बांध म्हणजे जिवांना शेवटचा आसरा राहिलाय.

आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याचंच घ्या, ज्याला 2016 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते. वांग्याच्या फुलातला पराग सहज सुटत नाही, तो ज्या नळीत असतो तिच्या टोकाला बारीक भोक असतं. काळा भुंगा फुलाला लटकून गुंऽऽ करतो ना, त्या थरथरीनं तो झडतो, पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. वांग्याला फळ तसं स्वतःच्या परागावरही धरतं, पण भुंगा फिरला तर धारणा चांगली होते. आन हा भुंगा राहतो कुठं? बांधावरच्या वाळल्या खोडात भोक पाडून! तेच आपण जाळतो, मग फुलगळ झाली म्हणून टॉनिक आणायला दुकानात पळतो.

म्हणून एवढं करा, बांधावर दोन-चार वाळकी लाकडं, बोर, निंब, पळस राहू द्या. कपाशीच्या पऱ्हाटीचं (वेचणीनंतर उरलेल्या वाळल्या झाडांचं) मात्र वेगळं, ती बांधावर रचून ठेवू नका, बोंडअळी तिच्यातच दडते, श्रेडर (बारीक तुकडे करणारं यंत्र) मारून कुजवा. नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत फिरली तर खाली बघा, ढेकळात मातीच्याच रंगाची तीन-चार अंडी असतील, तेवढा तुकडा सोडून ट्रॅक्टर काढा. (टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त असं म्हातारे सांगायचे, खरंखोटं टिटवीला माहीत.)

घरचं वांग्याचं बी राखलं असेल तर आत्ताच तपासा, 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, पंधरा दिवसांत 70 च्या वर मोड आले तर बिनधास्त जूनात रोप टाका. कमी आले तर बी दाट टाका, पण फेकू नका, गावातलं जुनं वाण एकदा गेलं की दुकानात मिळत नाही. आन फुलावर असताना फवारा मारायचाच असेल तर संध्याकाळी, भुंगे घरी गेल्यावर.