कोळंबी प्रकल्पाला ना-हरकत देण्याआधी

कोळंबी प्रकल्पाचा माणूस गावात येतो तो बहुधा दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर. यंदा काय सुटलं आणि काय नाही, हे तोवर घरोघरी कळलेलं असतं. तो म्हणतो, "जमीन तशीही बुडालेलीच आहे तुमची. मी तिचं भाडं देतोय." आमच्या खारेपाटात, म्हणजे अलिबाग आणि पेणच्या मधल्या खाडीकाठच्या पट्ट्यात, हे बोलणं निम्मं खरं असतं, म्हणून जास्त लागतं. उधाणाला बंदिस्ती (खाडीकाठचा बांध) फुटते, उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या मोरीची) दारं कुजलेली असतात. खारं पाणी शेतात राहिलं की दोन-तीन वर्षांत कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवते आणि मग कायद्याने ती तोडता येत नाही. सातबाऱ्यावर भात, जागेवर चिखल. अशा वेळी वर्षाला ठरावीक रक्कम देणाऱ्याला कोण नाही म्हणेल?

मी ग्रामसेवक होतो, आता निवृत्त आहे. ना-हरकतीचे अर्ज माझ्या टेबलावर आले, ठराव माझ्या अक्षरात लिहिले गेले. अशा अर्जात कोणते रकाने रिकामे असतात ते मला पाठ आहे, आणि गावाला पडणारा खर्च नेमका त्या रिकाम्या रकान्यांत असतो. कोळंबी मीही खातो, त्यामुळे प्रकल्प नकोच असं सांगायला बसलेलो नाही. सही करण्याआधी काय करायचं तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी विहिरी मोजा. प्रकल्प येण्याआधी मोजा, कारण नंतर मोजलेल्या आकड्याला "तुमच्या विहिरी पहिल्यापासून खाऱ्याच" हे एक उत्तर पुरतं. खर्च फार नाही. टीडीएस मीटर, पेनाएवढा, काही शे रुपयांत मिळतो. पाण्यात विरघळलेले क्षार तो दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर २०००. समुद्राचं पाणी साधारण ३५ हजारांच्या घरात असतं. (खाडीचं पाणी या स्वस्त मीटरने मोजू नका, आकडा मध्येच अडकतो आणि बघणारे हसतात.)

आता मोजायचं कसं. पोहरा वरवर बुडवून काढलेलं पाणी फसवतं. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं आणि गोडं वर तरंगतं. म्हणून काचेची बाटली घ्या, तिला दगड बांधा, बूच सैल लावून बुचाला वेगळी सुतळी बांधा. बाटली तळाशी टेकली की सुतळीला हिसका द्या. बुडबुडे थांबले की बाटली वर ओढा. हे तळाचं पाणी, ते मोजा, आणि वरचंही मोजा. दोन आकड्यांत फार फरक असेल तर खारं पाणी आत शिरायला लागलंय असं समजा. वेळ पहाटेची ठेवा, बायका पाणी शेंदायला येण्याआधीची. एप्रिल-मे सोडू नका, कारण तेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि पाणी खरं बोलतं. नोंदीत तारखेबरोबर तिथीही लिहा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी चढलेली असते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, उतरलेली असते. तिथीशिवायच्या आकड्यावर कुणीही शंका काढील.

ही नोंद साध्या वहीत ठेवली तरी चालते, पण वर्षातून एकदा दोन-तीन विहिरींचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देऊन शिक्क्याचा अहवाल घ्या. घरच्या वहीला कचेरीत किंमत नसते. वही आणि अहवाल एकमेकांना धरून असले की ती येते. शेजारच्या शेतांची मातीही त्याच हंगामात जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या आणि विद्युत वाहकता मागून घ्या, मातीतले क्षार त्यावरून कळतात. ती चारच्या (डेसिसायमेन प्रति मीटर) वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राची पनवेल-१, पनवेल-३ ही भातं खारं पाणी थोडंफार सोसतात. थोडंफारच.

विहिरीवर एवढा भर का? कोळंबीचा तलाव समुद्राहून कमी खारा लागतो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटतं आणि खारटपणा वाढतो, मग तो खाली आणायला गोडं पाणी घालावं लागतं. ते येतं बोअरमधून. भूगर्भातलं गोडं पाणी उपसलं की त्याची जागा खाडी घेते. शिवाय तलाव स्वतः महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्याने भरलेला उभा असतो आणि बांधाखालून झिरपत राहतो. म्हणून अर्जदाराला पहिला प्रश्न हा विचारा: गोडं पाणी कुठून घेणार? "लागणारच नाही" असं उत्तर आलं तर तेच वाक्य ठरावात शब्दशः घाला.

दुसरा प्रश्न, वापरलेलं पाणी कुठे सोडणार?

हल्लीची कोळंबी म्हणजे बहुतेक व्हेनामी. मूळ पॅसिफिकच्या अमेरिकन किनाऱ्याची, भारतात तिच्या शेतीला परवानगी मिळाली २००९ मध्ये. त्याआधी टायगर जातीची कोळंबी होती, तिला १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आंध्र-तामिळनाडूत झोपवलं. व्हेनामीचं पीक तीन-चार महिन्यांत निघतं. हेक्टरी सहा टन कोळंबी काढायची तर आठ-नऊ टन खाद्य तलावात पडतं. त्या खाद्यातल्या नत्राचा पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेलं विष्ठा, कुजलेलं खाद्य आणि काळा गाळ होऊन तळाशी बसतं. काढणीच्या रात्री तलाव एकदम सोडतात, आणि सगळ्यात घाण पाणी शेवटी येतं. उधाण असेल तर खाडी ते ओढून नेते. भांग असेल तर ते तिथेच ओहोळात फिरत राहतं. अशा एका सकाळी मी ओहोळाच्या कडेला उभा होतो. निवट्या चिखल सोडून कांदळाच्या मुळांवर चढून बसल्या होत्या आणि बोईची पिल्लं पांढऱ्या पोटाने तरंगत होती. त्या ओहोळात रोज चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका टोपली घेऊन आल्या, बघितलं आणि मागे फिरल्या. त्यांची ती बुडालेली कमाई कुठल्याच अर्जाच्या रकान्यात नव्हती.

म्हणून नकाशा मागा, आणि नकाशावर सांडपाण्याची वाट बोटाने दाखवायला सांगा. किनारी मत्स्यशेतीच्या सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वांनी पाच हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था बंधनकारक केली. त्यामुळे पावणेपाच हेक्टरचे अर्ज दिसले की कान टवकारा. गट नंबर शेजारी-शेजारी, नावं भाऊ, मेहुणा, पत्नी, आणि विजेचं मीटर एकच, असं असेल तर तो एकच प्रकल्प आहे. लहान प्रकल्पालाही निथळ तलाव (सोडण्याआधी पाण्यातला गाळ खाली बसू देणारा) करायला लावता येतो. व्हेनामीसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर शुद्धीकरण तलाव कितीही लहान असला तरी सांगितलं होतं, आणि ग्रामसभाही अट घालू शकते. रोग पडला तर पाणी ब्लीचिंग केल्याशिवाय सोडणार नाही आणि पंचायतीला आधी कळवणार, ही अटही लिहून घ्या.

आता कागद. सभेत कुणीतरी नक्की उठून १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढील. तामिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी ती याचिका केली होती. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कोर्टाला दिलेल्या हिशेबात आंध्रातलं नुकसान कोळंबीच्या कमाईच्या सुमारे चौपट आणि तामिळनाडूतलं दीडपट निघालं होतं. कोर्टाने किनारा नियमन क्षेत्रातले पारंपरिक सोडून बाकीचे तलाव पाडायला सांगितले. भातजमीन, मिठागर, कांदळवन, गावकीची जमीन कोळंबीला वापरायची नाही, असंही बजावलं. निकाल मोठा आहे, पण नुसता तो घेऊन उभे राहाल तर प्रकल्पाचा वकील तुम्हाला बसवील. संसदेने २००५ मध्ये कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीचा (किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा) कायदा केला आणि किनारा नियमनाची कोळंबीवरची बंदी बाजूला सारली. २०२३ च्या दुरुस्तीत विनानोंदणी तलावासाठीची तुरुंगाची शिक्षाही गेली, दंड राहिला.

तरी हातात बरंच उरतं. चेन्नईच्या त्या प्राधिकरणाची नोंदणी लागतेच. प्रमाणपत्रावरचा गट नंबर आणि जलक्षेत्र जागेवर जुळवून पाहा. २००५ च्या कायद्याने समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या तलावाला मनाई केली. त्याखालच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या गावापासून १०० मीटर, त्याहून मोठ्या गावापासून ३०० मीटर आणि पिण्याच्या पाण्यापासून १०० मीटर अंतर सांगितलं आहे. शेतजमीन आणि कांदळवन वापरू नये, हेही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. "बुडालेली जमीन" घेणाऱ्याला हा पट्टा बरोबर आडवा येतो. टेप घेऊन जा, मोजा, फोटो काढा. नियमांचा चालू मजकूर अलिबागच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडून घ्या. न दिल्यास माहितीच्या अधिकारात एवढंच मागा: "गट नंबर अमुकवरील कोळंबी प्रकल्पाचा अर्ज, स्थळपाहणी अहवाल, नकाशा आणि जिल्हास्तरीय समितीची शिफारस यांच्या प्रती." जास्त मागाल तर जास्त वाट पाहाल.

ग्रामसभेचा डाव ओळखा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत सभा लावली की ती भरत नाही, तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. बारा माणसांत ठराव मंजूर. नोकरीत असताना हे नियमाने होताना पाहिलं आहे, त्यात बेकायदा काही नसतं. उपाय एकच, पहिल्या सभेला शंभर डोकी न्या. आणि आधी महिला ग्रामसभा घ्यायला लावा. नियमाने ती ग्रामसभेच्या आधी व्हायलाच हवी, पण कागदावर उरकतात. पाणी बायका भरतात, ओहोळात बायका उतरतात, त्यामुळे प्रश्न तिथेच नेमके निघतात. बांधावरून खाडीकडे जाणारी वाट कुंपणात जाणार का, हा प्रश्न पुरुषांच्या सभेत मी एकदाही ऐकला नाही.

रोजगाराचं आश्वासन आकड्यात मागा. तलावावर रात्रपाळीचे राखणदार, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बघणारा, खाद्य टाकणारे लागतात. बहुतेक ठिकाणी हे बाहेरून आणलेले असतात, कारण गावातला माणूस रात्री कोळंबी काढून नेईल अशी मालकाला भीती. काढणीला दोन दिवस गावची माणसं लागतात, तेवढ्याला रोजगार म्हणतात.

एक खर्च गावाबाहेर पडतो, पण तोही कोकणातच. कोळंबीच्या खाद्यात माशाची कुटी, म्हणजे सुकवून दळलेली मासळी, असते. एक किलो कुटीला चार-पाच किलो ओली मासळी जाते. तारली आणि बारीक पिल्लं ट्रकने कुटीच्या कारखान्याला गेली की सुकटवाल्या बायकांना लिलावात माल महाग पडतो. ठरावात घालता येण्यासारखं यात काही नाही, माहीत असू द्या एवढंच.

"मग आपले जिताड्याचे तलाव?" असं मला विचारतात. जिताडा हा खाडीतला मासा. शहापूर-धेरंडकडे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिताडा पाळला. त्यात मासे विरळ असतात, पोत्याने खाद्य पडत नाही, आणि तलावाचा मालक शेजारच्याच विहिरीचं पाणी पितो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही शुद्धीकरण यंत्रापेक्षा भारी पडते.

जमीन द्यायचीच ठरली तर करार नोंदणीकृत करा. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागतेच, ती चुकवायला अकरा महिन्यांचा नोटरी कागद पुढे करतात. करारात जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी लिहा: गाळ काढणे, बांध मोडणे, दोन पावसाळे गोड्या पाण्याने जमीन धुणे, आणि मातीची वाहकता करारापूर्वीच्या अहवालाइतकी आणून देणे. त्यासाठी अनामत रक्कम आधी घ्या, धनादेश नको, मुदत ठेव दोघांच्या नावे. पीक रोगाने गेलं की मालक रातोरात एरेटर उचलून जातो, आणि मागे उरलेल्या खड्ड्याच्या सातबाऱ्यावर तुमचंच नाव असतं. पोटभाड्याला मनाई लिहा. शेजाऱ्याच्या शेतात पाणी झिरपलं तर भरपाई कोण देणार हेही लिहा. ते कलम नसेल तर शेजारी तुमच्याच दारात येईल, आणि त्याचं बरोबर असेल.

ठराव झाला की त्याच आठवड्यात सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. इतिवृत्ताच्या वहीत दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही ना, तेही बघा.