दिवाडीचे बंद घर उघडताना

जहाजावरून किंवा आखातातून सहा-आठ महिन्यांनी गोव्यातल्या मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर परतणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त घाई असते ती दाराचे कुलूप काढण्याची. मागे घरात कोणी राहत नसेल तर त्याच घाईत परतण्याचा आनंद हातातून निसटतो. आल्या संध्याकाळी झाडलोट, माळा, टाकी, बाग असे सगळे एकदम काढले की रात्री अंगात ताप, नाकात बुरशी आणि ओल्या गादीवर झोप, एवढेच उरते. म्हणून पहिल्या दिवशी चारच कामे करा: घरात वारा खेळू द्या, वीज तपासा, प्यायला पाणी बाहेरून आणा आणि झोपण्यापुरती एक खोली कोरडी करा. बाकीचे घर इतके महिने थांबले आहे, आणखी दोन दिवस थांबेल.

उजेडात पोचणे फार महत्त्वाचे आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरावे. जुन्या गोव्याचा फेरी धक्का तिथून जवळ आहे. दाबोळी किंवा मोपाला विमान रात्री उशिरा उतरत असेल तर ती रात्र पणजीत काढा. रात्री फेऱ्या विरळ होतात आणि अंधारात बंद घर उघडणे धोक्याचे असते. टॅक्सी बेटावर नेऊ नका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत गाड्यांची रांग लांब लागते. ओहोटीला फेरीचा उतार तिरका होतो आणि सामानाने दबलेल्या गाडीचे बूड घासते. मोठ्या बॅगांसाठी पलीकडच्या धक्क्यावर शेजाऱ्याची गाडी येईल असे आधी ठरवून ठेवा आणि तुम्ही पायीच चढा. पायी प्रवाशाला भाडे नाही. चढलात की पुढच्या कठड्याशी उभे राहा. मागे व्हाइसरॉयची कमान आणि सेंट कायतानचा घुमट लहान होत जातात, पुढे मांडवीकाठची खारफुटी जवळ येते आणि टेकडीवरचे पियेदादचे चर्च दिसू लागते. ही काही मिनिटे फोनवर घालवू नका. फळी काठाला टेकून साखळी सुटेपर्यंत मात्र पुढे सरकू नका.

दार उघडण्याआधी घराला एक फेरी मारा. पायात बंद बूट आणि हातात काठी व टॉर्च हवी. आडोशाला पडलेली कौले, लाकडांची रास, मोरीचा कोपरा, बाहेर राहिलेल्या चपला या सापाच्या आवडत्या जागा आहेत. साप दिसला तर त्याला डिवचू नका, वनखात्याला कळवा. वळचणीला गांधीलमाश्यांचे पोळे असेल तर त्या बाजूची खिडकी त्या दिवशी बंदच ठेवा.

आत गेल्यावर आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि अर्धा तास बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर बसा. या वेळात कोणतेही बटण दाबायचे नाही. उंदराने गॅसची नळी कुरतडली असेल तर साचलेला गॅस एका ठिणगीने पेट घेतो. वास निवळल्यावर सिलिंडर तपासा. नळीवर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षे उलटली असतील किंवा दातांच्या खुणा असतील तर नळी बदलल्याशिवाय रेग्युलेटर बसवू नका. बसवल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे.

विजेचा क्रम चुकवू नका. आधी सगळे छोटे एमसीबी (एकेका लाइनीचे स्विच) खाली करा, मग मेन स्विच आणि आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) चालू करा. आता आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबा. तो लगेच खाली पडला पाहिजे. पडला नाही तर तो शॉकपासून वाचवणार नाही, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मेन बंद. पडला तर पुन्हा वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्यामुळे स्विच खाली पडतो त्या लाइनीत ओल शिरली आहे किंवा वायर कुरतडलेली आहे. ती लाइन तशीच सोडा. पहिल्या रात्रीला एक दिवा आणि एक पंखा पुरेसा असतो.

मोरीत आणि संडासात उग्र वास येत असेल तर गटार तुंबले असे समजून घाबरू नका. जाळीखालच्या वाकड्या नळीत साचून राहणारे पाणी महिन्यांत आटते आणि वास व झुरळे थेट वर येतात. प्रत्येक जाळीत एकेक बादली पाणी ओता, काम झाले.

बुरशी कोरड्या झाडूने कधीच झाडू नका. तिची भुकटी घरभर उडते आणि दमेकऱ्याला त्याच रात्री त्रास होतो. नाकाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. लाकडावर पाणी न मिसळलेले पांढरे व्हिनेगर लावून तासभर ठेवा, मग पुसून पंखा सोडा. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा कापसाची गादी भिंतीला उभी करून दोन्ही बाजूंना आलटूनपालटून पंख्याचा वारा द्या. हाताला थंड लागते तोवर ती ओलीच आहे. पहिल्या रात्री चटई बरी.

दुसरा दिवस पाण्याचा. विहीर वापरात नसली की तिच्यात पाला कुजतो, कधी उंदीर किंवा बेडूक मरून पडलेला असतो. कचरा काढा, वास असेल तर शक्य तितके पाणी उपसा आणि मग ब्लीचिंग पावडर टाका. हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, सगळी मापे मीटरमध्ये. 2 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर 9.42 घनमीटर, म्हणजे सुमारे 9,400 लिटर. दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून साधारण 25 ग्रॅम पावडर. अनेक महिने बंद राहिलेल्या विहिरीला पहिल्यांदा दुप्पट, म्हणजे 50 ग्रॅम द्या. पावडर नव्या बंद पाकिटातलीच हवी, उघड्या पाकिटातला क्लोरीन उडून जातो. ती कोरडी फेकू नका. थोड्या पाण्यात कालवा, बादली भरा, गाळ बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोरीने पाण्याखाली नेऊन वरखाली हलवा. संध्याकाळी टाकून सकाळपर्यंत पाणी काढू नका. त्यानंतरही प्यायचे पाणी उकळूनच घ्या. खाजनाजवळच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीजवळच्या) सखल जागी एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मचूळ लागते. तेव्हा जोरात उपसा केला तर खारे पाणी आणखी ओढले जाते, म्हणून थोडे थोडेच काढा.

पंप सुरू करण्याआधी वीज बंद ठेवून मागचा पंखा हाताने फिरवून बघा. महिन्यांच्या गंजाने तो जाम झालेला असतो. तसाच चालू केला तर मोटर नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळते. पंखा मोकळा फिरला की वरचा बोल्ट काढून पंपात पाणी काठोकाठ भरा. भरलेले पाणी खाली उतरत गेले तर विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हमध्ये (नळीच्या तळाच्या झडपेत) पान अडकले आहे. तो साफ केल्याशिवाय कितीही वेळा बटण दाबले तरी पाणी चढणार नाही, उलट कोरडा चाललेला पंप सील जाळतो. टाकीतले जुने पाणी सोडून द्या, आत घासा, मगच भरा.

छपराला सवड काढा. पावसात कौलांवर चढायचे नाही, शेवाळावरून पाय निसटतो. सकाळच्या उजेडात आतून वर बघा. जिथे प्रकाशाचा ठिपका दिसतो तिथले कौल फुटले किंवा सरकले आहे. माळ्यावरून हात पोचत असेल तर वरचे कौल जरा उचलून नवे खालून सरकवा आणि त्याच्या खालचा अडकवायचा उंचवटा रीपेवर (कौलांखालच्या आडव्या पट्टीवर) नीट अडकवा. दोन उतारांच्या सांध्यातल्या पन्हळीत पाला साचला तरीही पाणी आत येते आणि कौल फुटल्यासारखेच वाटते, म्हणून कौले बदलण्याआधी पन्हळ पाहा. वाशांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, पोकळ आवाज आला तिथे टोक रुतवून बघा. चवथीला आलेल्यांनी हे काम माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) आधी करायलाच हवे. नारळ, सुपारीचे घड, फळे मिळून माटोळीचे वजन बरेच भरते. मागल्या वर्षीची चौकट, दोऱ्या आणि वरचा वासा पोखरलेला असेल तर सगळे गणपतीवर कोसळते.

स्कूटर तिसऱ्या दिवशी बघा. जुने पेट्रोल काढून टाका, टायरमध्ये हवा भरा, बॅटरी चार्ज करा.

राहता राहिले फुगलेले दरवाजे. पुढचे दार चौकटीत घट्ट बसते, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही आणि सुताराला बोलवावेसे वाटते. पावसाळ्यात रंधा मारून घेतला तर कोरड्या दिवसांत त्याच दाराला बोटभर फट पडते. सध्या कडेला मेण घासा आणि सुताराला डिसेंबरातली तारीख द्या.