एक मिस्त्री, एक शिकाऊ : मोटार दुरुस्तीची कामे कशी वाटून द्यावीत

सांगली परिसरातल्या मोटार भरण्याच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याच्या, दुकानात, उन्हाळ्यात पाण्याच्या मोटारी जळू लागण्याआधीच, कोणाला कोणते काम किती तासांत जमते हे वहीत असावे. भरलेल्या तारेवर दिलेले वॉर्निश वाळण्याचा वेळ त्यात धरू नये. तेवढ्यात मिस्त्रीचे हात मोकळे असतात.

माझ्याकडे मोटार भरायला मिस्त्रीला 8 तास लागतात आणि बेअरिंग, सील अशा किरकोळ कामाला 1 तास. शिकाऊ कारागीर किरकोळ काम 2 तासांत करतो. भरणे त्याला येत नाही. आठवड्याला प्रत्येकाचे 48 तास, भरायच्या मोटारी 4 आणि किरकोळ कामे 22.

खरी अडचण वाटणीत आहे. ‘झटपट निपटणारे काम जो मोकळा असेल त्याने आधी उचलावे’ हा सल्ला एकट्या कारागिरासाठी बरोबर आहे, कारण त्याने सरासरी थांबणे कमी होते. दोघांपैकी एकालाच भरणे येत असताना मात्र तो घातक ठरतो, आणि एक अख्खा हंगाम मी तो पाळला. मिस्त्री 18 किरकोळ कामे उरकून मोकळा होई, पण भरण्याच्या 32 तासांसाठी त्याच्याकडे 30च उरत. भिंतीकडेला जळालेल्या मोटारी साचत, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची शाई उडे, आणि शिकाऊ 4 कामे संपवून चहा पीत बसे.

म्हणून नियम उलटा करावा. शिकाऊपुढे 3 किरकोळ कामे कायम शिल्लक ठेवावीत आणि चौथे साचले तरच ते मिस्त्रीकडे जावे. मिस्त्रीने 6 आणि शिकाऊने 16 केली, तर मिस्त्रीचे 38 तास, म्हणजे सुमारे 79 टक्के, भरतात आणि शिकाऊचे 32. हा 3चा आकडा पहिल्या आठवड्यात चुकला तरी चालेल, शिकाऊ रिकामा बसता कामा नये.

मिस्त्रीचे सगळे तास भरून टाकण्याचा मोहही आवरावा. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलसाठी मांडलेल्या गणितातून रांगांचे जे शास्त्र वाढले, त्यातल्या सर्वांत साध्या प्रारूपानुसार 80 टक्के भाराला दुकानात सरासरी 4 कामे असतात आणि 90 टक्क्यांना 9.

भरायच्या मोटारी आठवड्याला 6 येऊ लागल्या की मिस्त्रीचे 48 तास तिथेच संपतात. तेव्हा दुसरा भरणारा शोधावा.