स्मॉल कॅप्सूलपासून सुरुवात करा : स्टीमवर पहिला गेम लावणाऱ्यांसाठी

पहिला गेम करणारे बहुतेक जण स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या पानासाठीच्या चित्रांचं काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात आणि तेही उलट्या टोकाने करतात. चित्रकाराकडून एक मोठं, देखणं पोस्टर करून घ्यायचं आणि मग ते कापून-छाटून सगळ्या मापांत कोंबायचं. पण गिऱ्हाईक ते पोस्टर त्या आकारात पाहतच नाही. शोधाच्या यादीत आणि इतर याद्यांमध्ये त्याला दिसतं ते स्मॉल कॅप्सूल, म्हणजे गेमचं नाव असलेलं छोटं आडवं चित्र. ते ४६२ × १७४ पिक्सेलचं द्यायचं असतं. त्यातून स्टीम १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशी आणखी छोटी चित्रं आपोआप तयार करतं. म्हणून काम १२० × ४५ पासून सुरू करा. त्या आकारात नाव वाचता आलं आणि गेम कुठल्या जातीचा आहे हे कळलं, की पुढची सगळी मापं सोपी होतात.

स्मॉल कॅप्सूलमध्ये नावाच्या लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापली पाहिजे. मागे एक चेहरा किंवा एकच वस्तू, बास. हेडर कॅप्सूल ९२० × ४३०, मेन कॅप्सूल १२३२ × ७०६ आणि उभं कॅप्सूल ७४८ × ८९६. या तिन्हींत चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते, पण प्रत्येकाची मांडणी नव्याने करावी लागते. आडवं चित्र उभ्या चौकटीत टाकलं की हमखास पात्राचा हात किंवा नावाचं शेवटचं अक्षर कापलं जातं. लायब्ररीसाठी, म्हणजे खेळाडूने घेतलेले गेम जिथे दिसतात तिथे, ६०० × ९००चं कॅप्सूल वेगळं लागतं आणि ३८४० × १२४०चा हिरो, म्हणजे तिथे गेमच्या पानावर वर पसरणारं रुंद चित्र, वेगळा. हिरोवर एकही अक्षर नको, कारण लोगो त्यावर पारदर्शक पीएनजी म्हणून स्वतंत्रपणे बसतो. वेगवेगळ्या पडद्यांवर हिरोच्या कडा कापल्या जातात, म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या ८६० × ३८० च्या भागात ठेवा.

यातून चित्रकाराशी काय ठरवायचं ते आपसूक ठरतं. काम देतानाच सांगा की पात्र, पार्श्वभूमी, प्रकाश आणि लोगो वेगवेगळ्या लेयरमध्ये हवेत, पार्श्वभूमी पात्राच्या मागेही पूर्ण रंगवलेली हवी आणि रुंदी किमान ३८४० हवी. पात्रामागे पार्श्वभूमी रिकामी सोडलेली असेल, तर पात्र चार बोटं डावीकडे सरकवायलाही पुन्हा पैसे मोजावे लागतात. व्यापारी वापराचे हक्क लेखी घ्या. रंगकामाला हात लावण्याआधी तीन-चार कच्ची रेखाटनं मागवा आणि ती १२० पिक्सेल रुंदीला आणून पाहा. निवड तिथेच होते.

लोगो देवनागरीत करणार असाल तर एक वेगळी अडचण येते. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार खाली उतरतात, त्यामुळे त्याच उंचीत रोमनच्या मानाने अक्षराचा मूळ भाग बराच लहान उरतो. त्यात जोडाक्षरं आली की ४५ पिक्सेल उंचीत नुसता काळा ठिपका दिसतो. अशा वेळी जाड, मोकळ्या पोटाचा टाइप घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘बालू’ हा टाइप मुक्त परवान्याचा आहे आणि सुरुवातीला आधार म्हणून चांगला पडतो. शिरोरेषा थोडी बारीक करा, मात्रा आखूड करा, आणि दोन शब्दांचं नाव दोन ओळींत मांडण्याचा मोह स्मॉल कॅप्सूलमध्ये तरी टाळा. स्टीमवर भाषेनुसार वेगळी चित्रं देता येतात, त्यामुळे इंग्रजीसाठी रोमन लोगो स्वतंत्र करता येतो.

कॅप्सूलवर काय चालतं याचे नियम १ सप्टेंबर २०२२ पासून कडक आहेत. गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच. पुरस्कारांची चिन्हं, समीक्षांचे आकडे, सवलतीचा मजकूर यांपैकी काहीही नाही. मोठा अपडेट आला तर त्याची घोषणा करणारं तात्पुरतं चित्र लावता येतं, तेही जास्तीत जास्त महिनाभर. त्यामुळे उपशीर्षक विचार करून ठेवा, कारण ती कॅप्सूलवरची तुमची एकमेव हक्काची ओळ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या २०२० मधल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या नावाकडे पाहा. ‘राजी’ या शब्दावरून परदेशी माणसाला काही बोध होत नाही. पुढचे तीन शब्द प्राचीन काळ आणि महाकाव्याचा बाज सांगून टाकतात.

चाचणी अशी घ्या. तुमच्या मुख्य टॅगचं, म्हणजे गेमचा प्रकार सांगणाऱ्या शब्दाचं, पान उघडा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि त्यातल्या एका गेमच्या जागी तुमचं कॅप्सूल चिकटवा. चित्र करडं करून पाहा. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळी आहे, त्यामुळे काळ्या-जांभळ्या कडांची चित्रं तिच्यात विरघळतात आणि भयगेम करणारे तिथेच सर्वाधिक फसतात. मग गेम कधीही न पाहिलेल्या पाच जणांना ते दोन सेकंद दाखवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘यात काय करायचं असेल?’ असं विचारा. शेतीच्या निवांत गेमला तिघांनी लढाईचा गेम म्हटलं, तर चित्र कितीही सुंदर असलं तरी ते बदलायला हवं. चुकीचं माणूस पानावर आलं की विशलिस्ट न करताच, म्हणजे ‘पुढे घ्यायचे’ या यादीत गेम न टाकताच, परत जातं, आणि चुकून विकत घेतलंच तर पैसे परत मागतं.

आता मजकूर. छोट्या वर्णनाला साधारण ३०० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात लोक हमखास कथा सांगायला बसतात : ‘काळोखाने ग्रासलेल्या जगात एक विसरलेलं रहस्य तुमची वाट पाहत आहे.’ हे वाक्य हजार गेमना लागू पडेल. कथेऐवजी क्रियापदं लिहा. समजा, गेम दीपगृहाचा आहे. मग लिहा : ‘वादळी रात्री दीपगृह चालवा. तेल पुरवून वापरा, भिंगं दुरुस्त करा आणि कोणत्या होडीला उजेड द्यायचा ते ठरवा. सकाळी किनाऱ्यावर काय वाहून येतं ते त्या निर्णयांवर ठरेल.’ खेळाडू काय करतो, त्याला अडचण कसली आणि त्याच्या निर्णयाने काय बदलतं, हे तीन वाक्यांत आलं. ‘अनोखा’, ‘थरारक’, ‘अविस्मरणीय’ ही विशेषणं खोडली तर वाक्याचं काही बिघडत नाही, म्हणून ती खोडाच.

स्क्रीनशॉट किमान पाच, १९२० × १०८० चे आणि प्रत्यक्ष खेळतानाचे. संकल्पनाचित्रं किंवा जाहिरातीची वाक्यं त्यांत चालत नाहीत. पहिल्या चारांकडे जास्त लक्ष द्या आणि चारही वेगवेगळ्या जागांचे, वेगवेगळ्या रंगांचे घ्या. पडद्यावरची बटणं, नकाशा, सामानाची यादी लपवू नका, जाणकार खेळाडू गेमची जात त्यावरूनच ओळखतो. ट्रेलर स्टुडिओच्या लोगोने सुरू करू नका. पहिल्या पाच सेकंदांत खेळाडूच्या हातातली मुख्य कृती दिसली पाहिजे. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून ट्रेलर आवाजाशिवायही समजतो का ते तपासा.

टॅग २० पर्यंत देता येतात. तुमच्यासारख्याच गेमशी तुमचं नाव जोडलं जातं ते त्यांच्यावरून, म्हणून पहिले पाच नेमके द्या. ‘इंडी’ (छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचा गेम) या टॅगने जवळपास काहीच साधत नाही.

वेळेचं गणित आधीच मांडा. स्टीमचं १०० डॉलरचं शुल्क भरल्यावर पहिल्या गेमला किमान ३० दिवस थांबावं लागतं, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान प्रकाशनाआधी किमान दोन आठवडे लागलेलं असावं लागतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची माणसं पान तपासतात, त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा. दोन आठवडे ही नियमाची मर्यादा झाली. विशलिस्ट जमायला खरे तर कितीतरी महिने लागतात. चित्रांत जनरेटिव्ह एआय वापरलं असेल तर ते अर्जात सांगणं बंधनकारक आहे आणि ती माहिती पानावर दिसते.

पान लागल्यावर स्टीमवर्क्सच्या (गेम करणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटच्या) अहवालात कॅप्सूल किती वेळा दिसलं आणि पानावर किती जण आले हे रोज पाहता येतं. दिसतं खूप पण येतं कुणी नाही, तर दोष कॅप्सूलमध्ये शोधा. येतात पण विशलिस्ट करत नाहीत, तर पहिले चार स्क्रीनशॉट, ट्रेलरची सुरुवात आणि छोटं वर्णन पुन्हा पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे तशीच राहू द्या. मध्येच एखादा सेल किंवा नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा डेमो-महोत्सव आला तर ते दिवस हिशेबातून वगळा.