मूळ गावी जाण्याआधी ट्रंक उघडा

माझी भाचेसून सिंगापूरची. तिचे पणजोबा दक्षिण चीनमधल्या चाओचौ-शान्तौ भागातून बोटीने गेलेले. तिकडच्या लोकांना टिओच्यू म्हणतात. ती वडिलांना घेऊन मूळ गावी जाऊन आली आणि मग आमच्याकडे डोंबिवलीला आली, तेव्हा मी पहिलं विचारलं, गाव सापडलं कसं? म्हणाली, पावतीवरून. पूर्वी सिंगापूर-मलायाहून घरी पाठवायचे पैसे आणि पत्र एकत्रच जायचं, त्याला च्याओपी म्हणत. पैसे पोचले की गावाहून उलटी चिठ्ठी यायची. अशा कागदांचा एवढा साठा तिकडे आहे, की २०१३ साली युनेस्कोने तो जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला. तिच्या घरच्या बिस्किटांच्या डब्यात अशी एक उलटी चिठ्ठी निघाली, तिच्यावर गावाचं नाव होतं, आणि बापलेक त्यावरून निघाले.

ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच, अगो, ही तर आपली मनीऑर्डर!

आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते. आजी गावी. ती गेली, घर बंद झालं, वडिलांनी पुन्हा गावाचं नाव काढलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'देवगडच्या बाजूला.' एवढ्या भांडवलावर मी वयाच्या ६१ व्या वर्षी गाव शोधलं. तुम्हालाही शोधायचं असेल तर कसं जायचं ते सांगते. मी ३२ वर्षं शाळेत लेखनिक होते, त्यामुळे कागदांवर माझा जीव जरा जास्तच आहे.

सुरुवात माळ्यावरच्या ट्रंकेपासून करा. जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मचे तुकडे व्हायचे. 'मुलांना शाळेत घाल, गुरं विकू नको' असल्या दोन ओळींचं कूपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं आणि पोचपावती सही किंवा अंगठा होऊन पाठवणाऱ्याकडे परत यायची. म्हणजे मुंबईच्या घरात शोधायची ती पोचपावती आणि गावच्या घरात कूपन. आजोबांच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेल्या १४ पोचपावत्या निघाल्या. प्रत्येकीवर पोस्टाचा गोल शिक्का, आणि खाली आजीचा डाव्या हाताचा अंगठा. शिक्के पुसट असतात. एकावरची दोन अक्षरं, दुसऱ्यावरची तीन, अशी जुळवाजुळव करावी लागते. खिडकीशी दुपारच्या उन्हात तिरपं धरून बघा, भिंगापेक्षा बरं दिसतं.

शिक्क्यावरचं नाव म्हणजे तुमचं गाव असेलच असं नाही. ते पोस्टाचं गाव. एका पोस्टाच्या हाताखाली आजूबाजूची चार-पाच गावं असायची. त्यांची नावं कागदावर लिहून काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर एकेक मोठ्याने वाचा. माझ्या आत्येला ८८ व्या वर्षी सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तिसऱ्या नावाला तिने मान वर केली.

जिल्ह्याच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर 'जि. रत्नागिरी' असलं तरी देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुडाळ इथली गावं आता सिंधुदुर्गात मिळतील. तसंच कुलाबा म्हणजे आजचं रायगड. माझ्या एका शेजारणीने रत्नागिरीला दोन हेलपाटे घातले, शेवटी कागद निघाला ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयाच्या बाजूला.

म्हाताऱ्या माणसाला 'आपलं गाव कुठलं' असं विचारू नका, ते 'कोकणात' म्हणून मोकळे होतात. विचारायचं ते असं, की आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसले की कुठल्या बंदराला उतरायचे? तिथून पुढे चालत, की होडीने? किती वेळ? रेल्वे तर कोकणात पूर्ण झाली १९९८ ला, त्याआधीची माणसं बंदरावरून आणि एसटीच्या थांब्यावरून गाव सांगतात. दुसरा प्रश्न, आमची वाडी कुठली? कोकणातलं गाव म्हणजे वाड्यांचा पसारा, एका वाडीतून दुसरीत जायला डोंगर उतरावा लागतो. वाडी न कळता गेलात तर अख्खी दुपार फुकट. आणि तिसरा, हा सगळ्यात कामाचा, आपलं सुतक कोण पाळतं? आडनावाने माणूस फसतो. मुंबईत येऊन कित्येकांनी गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि गावात ते आडनाव कुणाला माहीत नसतं. सुतक मात्र चुकत नाही. ज्या घरात मेलं तर आपण दहा दिवस देवाला शिवत नाही, ती आपली भावकी.

एवढं हातात आलं की मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाकडे जा. लालबाग, परळ, गिरगाव, डोंगरी भागात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने वीसवीस माणसं झोपायची, पेटी भिंतीला आणि वळकटी पेटीवर. बऱ्याच मंडळांकडे त्यांच्या वर्गणीच्या वह्या अजून आहेत. आमच्या मंडळाच्या वहीत आजोबांच्या नावापुढे आठ आणे आणि त्यापुढे वाडीचं नाव होतं. वही दाखवणाऱ्या गृहस्थांनी मला फोटो काढू दिला नाही, उतरवून घ्यायला दिलं. माझी काही तक्रार नाही, वहीवाल्याने असंच असावं.

सरकारी कागदांचं फार मनावर घेऊ नका, पण तीन ठिकाणी हात घालून बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी शाळा सोडली. मुख्याध्यापकांना आधी फोन करून, अर्ज घेऊन जा, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या बिचाऱ्यांना छळू नका. दुसरं, तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंद. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं माणूस सोबत हवं. तिसरं, नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. घरातलं कुणी कधी तिकडे गेलं असेल तर त्यांच्या नामावळीत गावावरून, आडनावावरून पान निघू शकतं. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन दिसतात, ते घरी बसून बघून ठेवा. पण त्याचं प्रिंट पहिल्या खेपेला गावात नेऊ नका. का, ते पुढे सांगते.

नोंदी वाचताना नावांनी गोंधळ होतो. भाचेसून सांगत होती, त्यांच्या कुळांत एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची रीत आहे. अक्षर बघितलं की पिढी कळली. आपलं उलट. आपण आजाचं नाव नातवाला ठेवतो. आमच्याकडे विठ्ठल सखाराम, मग सखाराम विठ्ठल, मग पुन्हा विठ्ठल सखाराम! मी दोन महिने पणजोबांना आजोबा समजत होते. प्रत्येक नावापुढे साल आणि वाडी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता जायचं कधी. एप्रिल-मेमध्ये देवगडला अजिबात नको. झाडावर माणूस, खळ्यात आंब्याच्या पेट्या, टेम्पो दारात. तुमच्या पणजोबांशी तेव्हा कुणाला काही देणंघेणं नसतं. जुलैत लावणी. गणपतीत सगळी घरं उघडी असतात, चाकरमानी आलेले असतात, माणसं भेटतील, पण निवांत कुणी बसणार नाही. शिवाय रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं आणि गणपतीची तिकिटं डोळ्यांदेखत संपतात. माझं मत, पहिली खेप कार्तिक-मार्गशीर्षात, जत्रांच्या दिवसांत. भात घरात आलेलं असतं, हवा बरी, ग्रामदेवतेच्या जत्रेला लेकी-सुना, भाऊबंद सगळे येतात. आणि रात्री दशावतार असतो. तो बघायला बसलात की शेजारची बाई आपणहून विचारते, 'खंयची गो तू?' म्हणजे कुठली गं तू? एवढ्यासाठी तरी जत्रा गाठा. कणकवलीला उतरा, पुढे एसटी. मुक्काम पहिल्या वेळी तालुक्याच्या गावी लॉजवर करा, कुणाच्या घरी नको. त्यांनाही जड होतं आणि आपल्यालाही. गावात संध्याकाळी येणारी वस्तीची गाडी तिथेच राहते आणि पहाटे निघते, तेव्हा परतीचं ठरवूनच वर चढा.

आता सातबाऱ्याचं. गावात तुम्ही उतरलात की लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो हिश्शाचा. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मुंबईहून तीस वर्षांनी कागद घेऊन आलेल्या माणसाने कुणाकुणाच्या कोर्टाच्या तारखा सुरू केलेल्या आहेत. मी पहिल्याच घरी ओटीवर बसल्या बसल्या विचारलं, आमचं घर कुठे होतं? पाणी आलं, चहा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शहाणी झाले. आधी सांगितलं, 'मी जमिनीसाठी आलेली नाही, आजीची माहिती शोधायला आलेय.' मग चहा आला, घावणे आले, आणि एका दादांनी स्वतःहून कोयती घेऊन वाट मोकळी करत घरवंद दाखवला. चिऱ्याचं जोतं, तीन पायऱ्या, तुळशीचा कट्टा आणि मधोमध वाढलेलं रतांब्याचं झाड. छप्पर तर केव्हाच गेलेलं. तुमच्या मनात खरंच हिस्सा असेल तर तो वेगळा प्रवास आहे, त्याला वकील लागतो. दोन्ही एका पिशवीत भरू नका.

आणि भावकीच्या घरी ऐकायला मिळेल ते सगळं गोड असेल असं समजू नका. कोण खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारं, होतं, कोण कूळ होतं, कुणाच्या विहिरीवर कुणाला पाणी नव्हतं, हेही निघतं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आठवण गेलेली नाही. आपले पूर्वज त्या गोष्टीत चांगल्या बाजूलाच असतील असं धरून बोलू नका. मी एका घरी आजोबांच्या दानशूरपणाचं कौतुक करत होते, तेव्हा समोरची म्हातारी नुसती हसली. पुढे काय ते कळलं, इथे लिहीत नाही.

देवळात आधी गुरवाला भेटा. कुलदैवत वेगळं आणि ग्रामदैवत वेगळं. तुमचं कुलदैवत गोव्यात नाहीतर घाटावर असू शकतं, पण गावात आलात तर मान ग्रामदैवताचा. ओटीला खण, नारळ, तांदूळ बरोबर न्या. कुठल्या देवाला पहिलं, राखणदाराला काय, ते गुरव सांगेल तसं. तो तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, त्यासाठी त्याला आजोबांचं नाव आणि वाडी लागते. बाकीच्यांनी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मला वाटलं होतं मी हे लांबून बघेन. सखाराम विठ्ठलाची नात म्हणून माझं नाव घेतल्यावर माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं की माणसं भाषण करायला लागतात. वही घ्या. पुरुषांना विचारलं तर बांध, विहीर, कलमांची संख्या कळते. नाती बायकांकडून कळतात, कुणाची मुलगी कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली. मुंबईहून नेलेली खारी आणि नानकटाई मागच्या पडवीत द्या आणि तिथेच बसा.

मी तिथेच बसले म्हणून आजी सापडली. कुठल्याही नोंदीत ती नव्हती. शाळेत गेलेली नाही, जमीन नावावर नाही, मंडळाच्या वहीत बाई नाहीच. पोचपावतीवर अंगठ्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं 'लक्ष्मीबाई सखाराम' एवढंच. तेही लग्नातलं नाव. पडवीतल्या आजींनी झेरॉक्स लांब धरून बघितली. म्हणाल्या, 'लक्ष्मी खंयची गो, आमची कासू ती!' कासू, काशीबाई, पलतडची. वाघोटनच्या खाडीपलीकडची. खाडीच्या या काठाला देवगड तालुका, त्या काठाला राजापूर, म्हणजे आता जिल्हाच वेगळा. आजी एका होडीत बसून सासरी आली होती. तिचं माहेर शोधायला मला दुसऱ्या तहसीलला नव्याने अर्ज करावा लागला.

म्हणून वंशावळीसाठी बाजारात मिळतो तो छापील तक्ता घेऊ नका, त्यात बायकांना जागाच नसते. ड्रॉइंगचा मोठा कागद आडवा घ्या. प्रत्येक बाईसाठी दोन ओळी सोडा, माहेरचं नाव आणि सासरचं नाव, आणि तिच्या बाजूला एक फांदी निघेल एवढी जागा. पेन्सिलने लिहा. माझा कागद दोनदा चिकटवून वाढवलाय, पलतडची माणसं अजून यायची आहेत.