घरातला साठा टिकवायचा कसा: पाणी, उजेड आणि मुख्य म्हणजे धान्य

पूर, वादळ, साथ, संप, घरातल्या कमावत्या माणसाचं आजारपण. यातलं काहीही आधी निरोप पाठवून येत नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरच्या घरांनी हे एकाच वेळी अनुभवलं. तेव्हापासून घर स्वयंपूर्ण करण्याचे सल्ले भरभरून मिळू लागले, पण त्यातले बहुतेक खरेदीपाशीच थांबतात. हे आणा, ते भरा. भरलेल्या डब्याचं झाकण सहा महिन्यांनी उघडल्यावर आत काय सापडतं, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी बरीच वर्षं घरी साठा ठेवते आहे आणि दोनदा भरलेले डबेच्या डबे फेकून द्यावे लागले आहेत. म्हणून या लेखात यादी थोडी आणि टिकवण्याची रीत जास्त आहे.

१. आधी मोजा

आपत्तीच्या वेळी माणशी दिवसाला सुमारे २१०० कॅलरी धरून शिधा ठरवतात. घरगुती हिशेबाला माणशी ४०० ग्रॅम धान्य आणि ६० ग्रॅम डाळ-कडधान्य धरा. वर तेल, मीठ, साखर. चार माणसांचा महिना म्हणजे ४८ किलो धान्य आणि सात किलोंच्या आसपास डाळी. पहिल्या वर्षी एका महिन्याच्या पुढे जाऊ नका. एक महिना नीट टिकवता आला की तीन महिन्यांचं बघा. आणि घरात रोज शिजतं तेच साठवा. 'संकटासाठी' म्हणून आणलेला वेगळा पदार्थ संकट आलं नाही तर कोपऱ्यात पडून खराब होतो.

२. पाणी

मदत छावण्यांसाठी वापरली जाणारी स्फिअर मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी सांगतात. त्यात पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता बसते. नुसत्या पिण्याला अडीच-तीन लिटर लागतात. माणशी १५ लिटर धरले तर चार माणसांना तीन दिवसांसाठी १८० लिटर. झाकणाची, खाद्यपदार्थांसाठी बनवलेली भांडी घ्या, अंधाऱ्या जागी ठेवा आणि पाणी ठरावीक दिवसांनी बदलत राहा.

पाण्याबद्दल शंका असेल तर गाळून घ्या आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. दोन हजार मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. आभाळ भरून असेल तर दोन दिवस. गढूळ पाण्याला ऊन पुरत नाही, ते आधी गाळलंच पाहिजे.

३. धान्य: इथे घाई करू नका

माझी पहिली चूक सांगते. दोन दिवस धान्याला ऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उन्हातून उचललं आणि गरमागरम पत्र्याच्या डब्यांत भरून झाकणं घट्ट बसवली. कडक वाळलंय, आता चिंता नाही, असं वाटलं होतं. दीड महिन्याने पहिला डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब, खाली बोटभर जाडीचा हिरवट-करडा थर आणि कुबट वास. खालचे दाणे दिसायला चांगले होते, पण ओंजळीत घेतल्यावर एकमेकांना चिकटून येत होते. मी तो वरचा थर काढून उरलेलं वापरणार होते. ते केलं नाही, हे बरंच झालं.

झालं काय होतं? धान्य मधोमध गरम होतं, पत्रा रात्री गार झाला. गरम हवेतली वाफ वर गेली, गार झाकणाला लागून तिचं पाणी झालं आणि ते वरच्या थरावर ठिबकत राहिलं. धान्य हाताला कोरडं लागत होतं, पण दाण्याच्या पोटातली ओल गेलेली नव्हती. हा फरक समजला की निम्मं काम झालं.

बुरशीबाबत मी कुणाचंही 'धुऊन घेतलं की चालतं' ऐकत नाही. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. घरच्या स्वयंपाकाच्या आचेवर ते नाहीसं होत नाही आणि धुऊनही जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पिल्लं मेली आणि कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. या विषाची ओळख जगाला तिथून झाली. बुरशी दिसली तर तो सबंध डबा टाका. जनावरांनाही घालू नका.

वाळवायचं कसं. कोरड्या हवेचे दिवस निवडा. दमट, पावसाळी दिवसांत साठा भरूच नका, कारण त्या हवेत धान्य वाळण्याऐवजी सादळतं. निवडून, पाखडून घेतलेलं धान्य स्वच्छ कापडावर तीन-चार सेंटीमीटरपेक्षा जाड नाही असं पसरा आणि तासातासाने हात फिरवून वरखाली करा. दव पडायच्या आत उचलून घरात आणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरा. सडलेला, म्हणजे कोंडा काढलेला पांढरा तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, दाण्याला चिरा जाऊन कणी होते. त्याला सावली आणि वारा पुरे.

वाळलं हे ओळखायचं कसं. दाणा दाताखाली धरा. कटकन फुटला तर ठीक. दबला, चेपला तर अजून ओल आहे. हा अंदाज सरावाने येतो. तोवर मिठाची परीक्षा करा. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करा. काचेची पूर्ण कोरडी बाटली एक तृतीयांश धान्याने भरा, त्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओल आहे.

इथे बहुतेक लोक फसतात. मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच डबे भरतात. चिकटलं नाही याचा अर्थ एवढाच की ओल १५ टक्क्यांच्या वर नाही. कित्येक महिने ठेवायचं तर ती १२ टक्क्यांच्या आसपास हवी. म्हणून मीठ कोरडं राहिल्यावरही मी आणखी एक-दोन दिवस पूर्ण ऊन देते. हे दोन दिवस वाचवण्याच्या नादात माझे पहिले डबे गेले.

गार करा, मग भरा. उन्हातून आणलेलं धान्य घरात सावलीत पातळ पसरा. मग गोळा करून ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब जाणवत असेल तर थांबा. वरून गार लागणारं धान्य आतून तासन्‌तास गरम राहतं. पूर्ण गार झालं की त्याच दिवशी भरा. रात्रभर उघडं ठेवलंत तर हवेतली ओल पुन्हा शोषून घेईल.

कीड आधीच आत असते. माझी दुसरी चूक ही होती. कडधान्य उत्तम वाळलं होतं, गार करून भरलं होतं, बुरशीचा मागमूस नव्हता. तरी अडीच महिन्यांत दाण्यादाण्याला गोल भोक आणि तळाशी पिठासारखा भुगा. डबा नीट बंद होता, मग कीड शिरली कुठून? कुठूनच नाही. ती धान्याबरोबरच आली होती. कडधान्याचा भुंगा दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवतो, बऱ्याचदा शेतातच. मूठभर कडधान्य उजेडात धरून नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. अळी तिथूनच आत शिरते आणि उबदार हवेत महिनाभरात पोसलेला भुंगा भोक पाडून बाहेर येतो. सोंडे तर त्याहून लबाड. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून तोंड बुजवून टाकते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा 'मी चाळून निवडून घेतलंय' यावर विसंबू नका.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही मी वापरते.

फ्रीझरमध्ये जागा असेल तर धान्य दोन-दोन किलोंच्या घट्ट बांधलेल्या पिशव्यांत उणे १८ अंशांवर निदान चार दिवस ठेवा. अंडी, अळ्या, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यांवर हवेतलं पाणी बसेल आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाईल. पिशवी खोलीइतकी उबदार होऊ द्या, मगच सोडा.

अख्ख्या कडधान्याला किलोमागे एक छोटा चमचा खाद्यतेल हाताने चोळा. प्रत्येक दाण्याला तेलाचा हात लागला पाहिजे. त्याने अंडी गुदमरतात. शक्य असेल तर सरळ डाळ करून ठेवा, कारण हा भुंगा अख्खा दाणा शोधतो आणि साल काढलेल्या डाळीला त्याचा त्रास फार कमी होतो.

तिसरा उपाय सगळ्यांत भरवशाचा: हवाबंद साठवण. डबा काठोकाठ भरा, हलवून दाणे बसवा, पुन्हा भरा. आत हवा जितकी कमी, तितका प्राणवायू लवकर संपतो. आतले किडेच तो संपवतात आणि स्वतः मरतात. आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी तयार झालेल्या तिहेरी थरांच्या पिशव्या याच तत्त्वावर चालतात आणि त्यात एक थेंबही औषध लागत नाही. पण झाकण खरंच हवाबंद हवं. गोल रबरी कडी असलेलं किंवा जाड प्लास्टिकची पिशवी पिळून दोरीने दोनदा बांधलेलं. आणि एकदा बंद केलेला डबा दीड-दोन महिने उघडू नका. उघडलात की नवी हवा आत गेली. म्हणून एक मोठी कोठी घेण्यापेक्षा पाच-पाच, दहा-दहा किलोंचे डबे घ्या. एक वापरात, बाकीचे बंद. ओलसर धान्य हवाबंद करू नका हे पुन्हा सांगते. ते आतल्या आत आंबतं.

कीड लागू नये म्हणून धान्यात कोणताही पाला घालायचा असेल तर खडखडीत वाळलेला घाला. ओला पाला म्हणजे डब्यात आपल्या हाताने घातलेलं पाणी.

एका गोष्टीबाबत मात्र मी कुणाशी वाद घालत नाही. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्याला उतारा नाही. राहत्या घरात हा वायू पसरून झोपेतच माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. 'सगळेच वापरतात' म्हणून कुणी पुडी हातात दिली तर परत करा.

डबे जमिनीला टेकवू नका, भिंतीला लावू नका. खाली फळी, मागे वीतभर मोकळी जागा. पीठ साठवू नका, धान्य अख्खं ठेवा आणि लागेल तसं दळा. न सडलेल्या तांदळाच्या कोंड्यात तेल असतं, तो खवट होतो. असा तांदूळ साठ्यात धरू नका.

४. बियाणं

वाफ्यात किंवा कुंडीत काही लावत असाल तर बी स्वतः धरा. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी आईबापासारखं येत नाही, म्हणून सरळ, म्हणजे संकर न केलेल्या वाणाची रोपं निवडा. रोपांतलं सगळ्यांत चांगलं फळ खाऊन टाकू नका, ते बियाण्याला ठेवा. बी सावलीत वाळवा, कडक उन्हाने त्याची उगवण जाते. बियाण्याचा जुना ठोकताळा असा आहे की ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. २००८ साली उघडलेल्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियाणे कोठारात जगभरचं बी असंच सुकवून, उणे १८ अंशांवर ठेवलेलं आहे. आपल्याला काचेची घट्ट बाटली आणि फ्रिजचा कोपरा पुरतो.

५. उजेड, औषधं, कागद

एलईडीचे दोन दिवे, शक्यतो सौरपट्टीचे. पॉवर बँक तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा. ठेवणीतली पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवू नका. रोजची औषधं संपायच्या दोन आठवडे आधी आणा. जुलाबासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघरात कागदावर लिहून चिकटवा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं आहे, म्हणून अंदाजाने घालू नका. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती एका जलरोधक पाकिटात आणि थोडे पैसे रोख.

६. फिरवत राहा

प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहा. नवा डबा मागे जातो, जुना पुढे येतो आणि जुना आधी शिजतो. महिन्यातून एकदा वापरातल्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली तर कीड किंवा बुरशी कामाला लागली आहे, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. त्याच दिवशी धान्य बाहेर काढून पसरा. बुरशी किंवा कुबट वास असेल तर डबा टाका. फक्त कीड असेल तर चाळून, ऊन देऊन ते आधी संपवा आणि रिकामा डबा धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच पुन्हा भरा. फटीत अडकलेला एखादा किडका दाणा नव्या धान्यात गेला, तर दोन महिन्यांनी तुम्ही परत तिथेच याल.